नाव न लिहिता दिलेली उत्तरे

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दादर येथे केलेले भाषण. कार्यवाहांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे. बोलण्याच्या ओघात राहून गेलेल्या एकदोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



दरवर्षी या व्यासपीठावरून गुणवंत विद्यार्थ्यांची नावे वाचण्याचे काम मजकडे असते. नाव पुकारले की मूल उठून येते, आईबापांची मान उंचावते, टाळ्या होतात. तो आनंद मी गेली कित्येक वर्षे घेत आलो आहे. आज मात्र मला नावे न वाचण्याविषयी बोलावयाचे आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, पुढे अध्यापनाचे प्रशिक्षण घेऊन लालबाग-परळ भागात अडतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुले शिकविलेला मनुष्य. मानसशास्त्र अथवा वैद्यक यांत माझा यत्किंचितही अधिकार नाही. तथापि ज्या प्रश्नावरून आपल्या संस्थेत गेले सहा महिने ऊहापोह चालला आहे, त्यासंबंधी माझ्यापाशी एक अनुभव आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मत देणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

प्रश्न आपणांस ठाऊकच आहे. आपल्या विद्यार्थिवसतिगृहातील व शिष्यवृत्ती घेणाऱ्या, आठवीपासून पदवीपर्यंतच्या मुलामुलींना एक प्रश्नावली द्यावी असे शिक्षणसमितीने सुचविले. तंबाखू, मावा, सिगारेट, मद्य, गांजा यांपैकी कशाचा स्पर्श झाला आहे काय. झोप लागते काय. जीव नकोसा झाला असे कधी वाटले काय. परवाना नसता मोटारसायकल चालविली काय, लोकलच्या दारात लोंबकळला काय, मोबाइलवर पैसे लावून खेळला काय, अशा स्वरूपाचे प्रश्न तीत आहेत. मुलांनी उत्तरांवर नाव घालावयाचे नाही. कार्यकारिणीत यावर इतका कडाका उडाला की, ठराव पुढे ढकलून तो आपणा सर्वांपुढे ठेवण्याचे ठरले.

एका वयोवृद्ध बंधूंनी मला गिरगावात रस्त्यातच गाठून विचारले, "मास्तर, आपण काय पोलीसचौकी काढली आहे का?" त्यांचा राग मी समजू शकतो. परंतु विद्यार्थ्यांची अशी पाहणी ही आपल्या शिक्षणसमितीच्या डोक्यातून निघालेली नवलाई नव्हे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने शाळेच्या शेवटच्या वर्गातील मुलांना मादक द्रव्यांविषयी दरवर्षी विचारण्यास १९७५ साली प्रारंभ केला, आणि तो क्रम अद्याप चालू आहे. आपल्याकडेही १९७६ च्या सुमारास केंद्र सरकारच्या समाजकल्याण खात्याच्या वतीने सात शहरांतील विद्यापीठीय विद्यार्थ्यांची अशीच पाहणी झाली. त्या सातांत आपली मुंबई होती.

अलीकडचे उदाहरण तर आपल्या दाराशीच आहे. देवनारला लोकसंख्याविज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयासाठी २०१९ साली देशातील ९८७ शाळांतून ९७,३०२ विद्यार्थ्यांना तंबाखूविषयी विचारले. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांत ८.५ टक्के मुले त्या वेळी कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखूचे सेवन करीत होती. मुलगे ९.६ टक्के, आणि मुली ७.४ टक्के. मुलींचा आकडा ऐकून आमच्या समितीतील दोन सद्गृहस्थांनी छपाईची चूक असावी असे म्हटले! ती चूक नव्हती. त्याहूनही मला हादरविणारी गोष्ट निराळी होती. ज्यांनी कधी ना कधी बिडी ओढली होती अशा मुलांपैकी ४७ टक्क्यांनी, आणि ज्यांनी चघळण्याची अथवा दातांना लावण्याची तंबाखू वापरली होती अशांपैकी ५२ टक्क्यांनी, तिची पहिली चव दहावा वाढदिवस होण्यापूर्वी घेतली होती. दहा वर्षांखालील मूल म्हणजे चौथीच्या आतले मूल. मी चौथीचे वर्ग किती वर्षे घेतले! परळला टाटा रुग्णालय १९४१ सालापासून उभे आहे. त्याच्या फाटकाबाहेर पदपथावर बसलेले रुग्ण पाहत मी रोज शाळेत जात असे, आणि वर्गात शिरल्यावर फळ्यावर सुविचार लिहीत असे. माझ्या पुढ्यातील बाकांवर कोणाच्या खिशात पुडी आहे, हे मला कधी विचारावेसेच वाटले नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये असा २००३ चा कायदा आहे, २०१२ पासून गुटख्याला महाराष्ट्रात बंदी आहे. कायदा आहे म्हणजे पुडी नाही असे आम्ही शिक्षकांनी सोयीस्करपणे धरून चाललो.

मनःस्वास्थ्याचे पाहू. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने जानेवारी ते मार्च २०२२ या काळात सहावी ते बारावीच्या ३,७९,८४२ विद्यार्थ्यांना विचारले. नाव लिहिणे ऐच्छिक ठेवले होते. त्यांतील ८१ टक्क्यांनी आपल्या चिंतेचे कारण म्हणून अभ्यास, परीक्षा व निकाल यांकडे बोट दाखविले. म्हणजे मी दरवर्षी या व्यासपीठावरून ज्याचा गौरव करतो, नेमके त्याकडे. याचा अर्थ गौरव बंद करावा असा मी करीत नाही. पण टक्केवारी पुकारली जात असता मागच्या रांगेत, ज्याची टक्केवारी पुकारली जाणार नाही, असे एक मूल बसलेले असते, एवढे तरी मनात यावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि राज्यांत पहिला क्रमांक महाराष्ट्राचा, १,७६४. हा पहिला क्रमांक कोणत्याही स्मरणिकेत छापला जात नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की, "आपल्या ज्ञातीत असले काही नाही." बंधूंनो, १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यांत आपल्या ज्ञातीचे किती होते हे येथे बसलेल्या ज्येष्ठांना मी सांगावयास नको. त्याच दशकात लालबाग-परळच्या गल्ल्यांतून गर्द आली. 'गर्दुल्ला' हा शब्द ज्या शहराने मराठीस दिला, ते हे आपलेच शहर. चाळीच्या जिन्याखाली, व्यायामशाळेच्या मागे, रेल्वेच्या भिंतीला टेकून बसलेली ती पोरे परग्रहावरून आलेली नव्हती. पुण्यात अनिल अवचटांनी या व्यसनावर लिहिले, डॉ. अनिता अवचटांनी उपचार हाती घेतले, पु. ल. देशपांडे व सुनीताबाईंनी साहाय्य केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण उभे राहिले. त्याच वर्षांत आपल्या संस्थेच्या स्मरणिका काढून पाहा. वधूवर, विद्यार्थी, पतपेढीचा ताळेबंद, देणगीदार सर्व काही आहे. गर्द हा शब्द नाही. श्रद्धांजलीच्या पानावर मात्र पंचविशीच्या आतबाहेरचे तरुण 'अल्पशा आजाराने' गेलेले दिसतात. त्यांतील दोन श्रद्धांजली माझ्या हातच्या आहेत. आजार अल्प नव्हता हे मला ठाऊक होते. आईबापांनी तसेच लिहावयास सांगितले आणि मी लिहिले. त्याबद्दल मी आज त्या आईबापांना दोष देत नाही, पण त्या पानांवरून आपल्या ज्ञातीत काही नाही असा निष्कर्ष कोणी काढू लागेल तर त्याला ती पाने कोणी लिहिली हे कळले पाहिजे.

दुसरा आक्षेप एका भगिनींनी मांडला, आणि तो मातेच्या पोटातून आलेला आहे. "मुलाच्या ध्यानीमनी नसलेले आपणच विचारून त्याच्या डोक्यात भरवावे काय?" विशेषतः जीव देण्याविषयीचा प्रश्न. हीच भीती अमेरिकेतही होती, म्हणून तेथे ती तपासून पाहिली गेली. न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांतील २,३४२ विद्यार्थ्यांचे दोन भाग केले. एका भागास आत्महत्येविषयीचे प्रश्न विचारले, दुसऱ्यास विचारले नाहीत, आणि दोन दिवसांनी दोघांचीही मनःस्थिती पाहिली. ज्यांना विचारले होते त्यांची अस्वस्थता वाढलेली आढळली नाही. जी मुले आधीच खिन्न होती अथवा ज्यांनी पूर्वी तसा प्रयत्न केला होता, त्यांना उलट विचारले गेल्याने काहीसे हलके वाटल्याचेच चिन्ह दिसले. हे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. मी स्वतः या भगिनींना एवढेच म्हणेन की, मोबाइलच्या पडद्यावर रोज जे येते त्याच्यापुढे आपली चार पानी प्रश्नावली ही फारच सोज्वळ वस्तू आहे.

तिसरा आक्षेप, मुले खरे लिहितील काय? काही लिहिणार नाहीत. काही फुशारकीने नको तेही लिहितील. त्याला शोधक मंडळींनी मोठी मौजेची युक्ती काढली आहे. युरोपातील अनेक देशांत १९९५ पासून अशी शालेय पाहणी होते. तिच्यात द्रव्यांच्या यादीत 'रेलेव्हिन' असे एक नाव घातलेले असे. असे द्रव्य जगात नाही! जो 'मी रेलेव्हिन घेतले' म्हणून खूण करील त्याच्या बाकीच्या उत्तरांवर किती विसंबावे हे समजते. हे वाचून मला माझ्या वर्गातील, न वाचलेल्या पुस्तकाचा सारांश लिहून देणारे विद्यार्थी आठवले. पण मुले खरे लिहितील की नाही, हे मुलांपेक्षा विचारणाऱ्यावर अधिक अवलंबून असते. येथे मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे.

१९९१ सालची ही हकीकत. मी सातवीचा वर्गशिक्षक होतो. एका सेवाभावी मंडळाने आमच्या शाळेत व्यसनांविषयी एक छापील कागद वाटावयास दिला. घरात कोणी व्यसनी आहे काय, तुला काही सांगावेसे वाटते काय, असे प्रश्न. मंडळाची माणसे दुसऱ्या दिवशी कागद न्यावयास येणार होती. वाटताना मी तीन वेळा बजावून सांगितले की, नाव घालू नका. तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, नाव नको ना?" मी म्हणालो, "नको." तो म्हणाला, "नक्की?" वर्ग हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "नक्की रे बाबा, बस."

सायंकाळी कागद घरी आणले. आणावयास नको होते. उत्सुकता म्हणा, वर्गशिक्षकाचा हक्क म्हणा, मी ते वाचावयास बसलो. बहुतेकांत 'नाही, नाही, नाही' होते. एका कागदावर शेवटच्या मोकळ्या जागेत लिहिले होते की, थोरला भाऊ गर्द ओढतो, आईच्या डब्यातील पैसे घेतो, रात्री मला भीती वाटते, आणि मीसुद्धा दोनदा ओढून पाहिली. अक्षर ओळखावयास मला क्षणही लागला नाही. ते अक्षर मीच त्याला दोन वर्षे कित्ता गिरवून घेऊन वळण लावलेले होते. शुद्धलेखनाच्या वहीतून ज्याचे 'र' आणि 'ख' मी तांबड्या शाईने सुधारले, त्याने ते सुधारलेले 'र' आणि 'ख' वापरून मला आपले गुपित सांगितले होते. मला सांगितले होते असे तरी का म्हणावे? त्याने ते कोणालाच नव्हे, म्हणजे ज्याला नाव कळणार नाही अशा कोणाला तरी सांगितले होते.

मी दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना शाळेत बोलाविले. हेतू चांगला होता, हे मी अजूनही म्हणतो, आणि ते म्हणताना मला अजूनही लाज वाटते. वडील गिरणीतून सुटलेले, मिळेल ते काम करणारे, मानी गृहस्थ. मुख्याध्यापकांच्या खोलीत, दोन शिक्षक व शिपाई यांच्यादेखत, मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्तर, माझ्या घरातली लाज तुम्ही हापिसात मांडलीत." भावाच्या व्यसनाविषयी, लहानग्याच्या भीतीविषयी एक अक्षर नाही. जखम तेथे नव्हतीच, ती मी दुसरीकडे केली होती.

मुलगा दोन दिवसांनी शाळेत आला. गालावर वळ होते. मी जवळ बोलावले तर आला, हाताची घडी घालून उभा राहिला, आणि मी जे विचारले त्याला "होय गुरुजी", "नाही गुरुजी" एवढेच म्हणाला. त्या सत्रात त्याने मला आपण होऊन एकही प्रश्न विचारला नाही. पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत ते कुटुंब गावी गेले ते परतले नाही. दाखला न्यावयास त्याची आई आली होती. तो मी स्वहस्ते लिहून दिला.

आणि आणखी एक. त्या वर्गातील बाकीच्या चाळीस मुलांनीही जे समजावयाचे ते समजून घेतले. दोन वर्षांनी पुन्हा तसलाच कागद आला तेव्हा सर्व उत्तरे 'नाही' होती. शाळेने ते कौतुकाने भिंतीवर लावले.

ही गोष्ट सांगून मी पाहणीच्या विरुद्ध बोलत आहे असे काहींना वाटेल. मी पाहणीच्या बाजूचा आहे. परंतु ती माझ्यासारख्याच्या हातून होऊ नये, याही बाजूचा आहे. कार्यकारिणीपुढे आलेल्या मसुद्यात 'प्रश्नावल्या वसतिगृहाचे अधीक्षक व ज्ञातीतील अनुभवी शिक्षक गोळा करतील' असे कलम आहे. अनुभवी शिक्षक म्हणजे मी. तेच कलम मला प्रथम काढावयाचे आहे. अक्षर ओळखणारा मनुष्य तेथे नको. मुलांनी अक्षरे लिहूच नयेत, केवळ चौकटीत खूण करावी. कागद बंद पेटीत पडावे, आणि ती पेटी ज्ञातीबाहेरच्या, या कामाचे शिक्षण घेतलेल्या मंडळींनी उघडावी.

नाव नाही म्हणजे ओळख नाही, हाही भ्रम आहे. आपले विद्यार्थी सव्वाशेच्या आत. 'इयत्ता बारावी, मुलगी, राहणार गिरगाव' एवढे तीन रकाने भरले की, बहुधा एकच मुलगी उरते, आणि ती कोणाची कोण हे आपल्या भगिनीमंडळास पाच मिनिटांत कळेल. (हशा झाला, परंतु मी हे विनोदाने म्हटले नव्हते.) उद्या सोयरिकीच्या वेळी तो आकडा कोणाच्या तरी ओठांवर येईल. म्हणून राहण्याचे ठिकाण विचारूच नये, वर्ग स्वतंत्र न मांडता दोनतीन गट करावेत, आणि ज्या रकान्यात दहापेक्षा कमी मुले येतील तो आकडा समितीलाही देऊ नये. स्मरणिकेत तर काहीच छापू नये. आपल्याला आकडे छापण्याची हौस फार!

शिष्यवृत्तीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. जो आपणांकडून फीचे पैसे घेतो तो आपण दिलेला कागद नाकारील काय? तो नाकारू शकला पाहिजे. अर्जाच्या वेळी, मुलाखतीच्या वेळी, धनादेशाच्या वेळी हा विषय निघता कामा नये, आणि कोरा कागद पेटीत टाकणाऱ्याकडे कोणी पाहताही कामा नये. अठरा वर्षांखालील मुलांच्या पालकांची लेखी संमती तर हवीच. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत पालकांच्या संमतीबरोबर सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही मागितला आहे, आणि व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली संसदेने केलेल्या कायद्यातही बालकांच्या बाबतीत पालकांच्या संमतीची तरतूद आहे. बाप 'होय' म्हणाला व मुलगा 'नको' म्हणाला, तर मुलाचे ऐकावे.

एका गोष्टीचे समाधानकारक उत्तर मजपाशी नाही, ते मी लपवीत नाही. समजा, कोणी खूण केली की, जीव द्यावासा वाटतो. कोण ते आपणांस कळणार नाही. मी हे म्हणताच गेल्या सभेत एकजण उठून म्हणाले, "मग कळवून घ्या की! मूल मोलाचे की वचन मोलाचे?" त्यांना त्या क्षणी टाळ्या मिळाल्या. मी १९९१ साली असाच विचार केला होता, आणि त्याने मूलही वाचले नाही व वचनही राहिले नाही. मला सुचते ते एवढेच की, प्रत्येक प्रश्नावलीबरोबर, सर्वांना सारखीच, एक लहानशी चिठ्ठी द्यावी. सरकारने ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेल्या टेलिमानस या दूरध्वनिसेवेचा १४४१६ हा क्रमांक तीवर असावा. तो विनामूल्य आहे, आणि मराठीत बोलता येते. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या मनोविकार विभागात कोणत्या वेळी जावे हेही असावे. आणि पाहणीनंतरचे पंधरा दिवस एक समुपदेशिका वसतिगृहात सायंकाळी बसावी. तिच्या खोलीचे दार कार्यालयासमोरून नसावे. तिचे मानधन शिक्षणनिधीतून देता येत नसेल तर प्रश्नावलीही छापू नये. विचारून घेऊन निघून जाणे हे न विचारण्याहून वाईट.

मसुद्यातील दुरुस्त्या मी लिहून सभागृहाच्या मागील मेजावर ठेवल्या आहेत, त्या सर्वांनी वाचाव्यात. मतदान पुढील रविवारी कार्यालयात आहे. कोणी मला "मास्तर, पेटीची किल्ली तुमच्याकडेच असू द्या, तुमच्यावर विश्वास आहे" असे म्हणू नये. ती माझ्याकडे देऊ नये, असे पत्र मी कार्यवाहांना काल दिले आहे. त्याची पोच मला अद्याप मिळावयाची आहे.